छताला लावलेला जागल्या

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जे घडले, ते महाराष्ट्र इतक्या लवकर विसरला नसावा. रात्री दीड-दोनच्या सुमारास नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षातून धूर येत असल्याचे एका परिचारिकेच्या लक्षात आले. तिने दार उघडले तेव्हा आत धूर कोंदला होता. कक्षात १७ बाळे होती. त्यांपैकी ७ जणांना बाहेर काढता आले, १० गेली. ३ भाजल्याने आणि ७ धुराने गुदमरून गेली, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्या वेळी सांगितले होते.

या बातमीतल्या दोन गोष्टी थांबून वाचण्यासारख्या आहेत. ज्वाळांनी नेली त्याच्या दुपटीहून अधिक बाळे धुराने नेली, ही एक. दुसरी अशी, की आग लागल्याचे पहिल्यांदा कळले ते एका माणसाला, आणि तेही धूर दाराबाहेर आल्यावर. आत ठिणगी पडल्यापासून खोली धुराने भरेपर्यंत जी मिनिटे गेली, त्या मिनिटांना साक्षीदार कोणी नव्हते. नेमक्या त्याच मिनिटांसाठी माणसाने एक यंत्र बनवले आहे. पांढरे, वाटीएवढे, छताला उपडे चिकटलेले. कचेऱ्यांत, मॉलमध्ये, बँकांत आपण त्याच्याखालून रोज जातो आणि मान वर करून त्याच्याकडे कधी पाहत नाही.

भंडाऱ्यानंतर त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपच्या एका मॉलमधले रुग्णालय पेटले. २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातच आग लागली आणि डझनाहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ जण गेले. दर वेळी ‘फायर ऑडिट’चे आदेश निघाले, समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले. या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. इमारतीत धूर ओळखणारी यंत्रणा ‘आहे की नाही’ एवढेच आपण विचारतो. ती जागी आहे की झोपलेली, हे विचारायचे राहून जाते. आणि ती झोपलेली असेल तर तिला झोपवले कोणी, हा तर त्याच्याही पुढचा प्रश्न.

त्यासाठी आधी ही वाटी करते काय, हे समजून घेतले पाहिजे.

कवडसा आणि लोण्याचा गोळा

कौलारू घरात राहिलेल्यांना कवडसा समजावून सांगावा लागत नाही. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते आणि तिच्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. ते खोलीभर असतातच, पण दिसतात त्या पट्ट्यातच. कारण त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आज सर्वत्र विकला जाणारा स्मोक डिटेक्टर हा असाच एक कोंडलेला कवडसा आहे. त्याच्या पोटात काळ्या रंगाची छोटीशी कोठडी असते. बाहेरचा उजेड आत शिरू नये पण हवा शिरावी, म्हणून तिच्या भिंती चक्रव्यूहासारख्या वळणाच्या केलेल्या असतात. आत एक बारीक दिवा अदृश्य असा अवरक्त प्रकाश थोड्या थोड्या वेळाने सोडत राहतो. प्रकाश टिपणारा डोळाही तिथेच असतो, पण दिव्याच्या समोर नाही, तिरका. कोठडीतली हवा स्वच्छ असेल तर प्रकाश सरळ जातो आणि डोळ्याला अंधार दिसतो. धूर शिरला की कणांवरून प्रकाश विखुरतो, डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की यंत्र ओरडते.

यात एक खोच आहे, ती पुढे कामाला येईल. यंत्राला धूर कळत नाही. कळतात ते कण. धूळ, वाफ, डास मारण्याचा फवारा, कापराचा धूर, कोठडीत शिरलेली मुंगी, सगळे त्याला सारखेच. फरक करायचा तो माणसाने, आणि तोही यंत्र कुठे लावायचे हे ठरवताना.

याचा एक वडील भाऊ आहे, त्याची जन्मकथा मोठी मजेची. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा स्विस पदार्थवैज्ञानिक विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीत होता. किरणोत्सारी पदार्थाने हवेतल्या रेणूंना विद्युतभारित करायचे, त्यातून बारीक प्रवाह वाहू द्यायचा, आणि विषारी वायू आला की तो प्रवाह घटतो का पाहायचे, अशी कल्पना होती. वायू सोडून पाहिला. काटा हलला नाही. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि काटा खाली आला. वायूला दाद न देणारे यंत्र सिगारेटच्या धुराला दाद देत होते. पुढे एर्न्स्ट मायली या दुसऱ्या स्विस शास्त्रज्ञाने त्याला उपयोगाचे रूप दिले. या जातीच्या डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते, तेही एका मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्याचे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, त्यामुळे छताला लटकलेले असताना त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण त्याचे अर्धे आयुष्य सुमारे ४३२ वर्षांचे आहे. इमारत पाडली जाते, भंगारवाला येतो आणि ही वाटी इतर प्लास्टिकबरोबर तोडायला जाते, ते योग्य नव्हे. आपल्याकडे अशा उपकरणांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, हे इमारतींचे व्यवस्थापन पाहणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे. भडकन पेटणाऱ्या आगीतले सूक्ष्म कण या जातीला लवकर कळतात; धुमसणाऱ्या आगीतले मोठे कण कवडशाच्या जातीला. विजेच्या तारांचे आवरण, गाद्या, कापूस हे आधी धुमसणारे पदार्थ. आपल्या इमारतींतल्या कितीतरी आगी विजेच्या बिघाडातूनच सुरू होतात, तेव्हा कवडशाच्या जातीने इथे जम बसवला हे ठीकच झाले.

तिसरा भिडू हीट डिटेक्टर. त्याला धुराशी कर्तव्य नाही, उष्णतेशी आहे. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी याने अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यात विजेच्या दोन पट्ट्यांमध्ये लोण्याचा गोळा ठेवलेला असे, लोणी वितळले की पट्ट्या एकमेकींना टेकत आणि घंटा वाजे, असे सांगतात. लोण्याची जागा पुढे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने घेतली, मग इस्त्रीत असते तशा दोन धातूंच्या पट्टीने, आणि आता तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या थर्मिस्टरने. एक प्रकार ठरावीक तापमानाला, बहुधा ५७ अंशांच्या आसपास, जागा होतो. दुसरा प्रकार अंश मोजत बसत नाही, चढण्याचा वेग मोजतो; मिनिटाला ८-१० अंशांनी पारा चढू लागला तर काहीतरी पेटले आहे, असे त्याचे गणित. हीट डिटेक्टर क्वचितच उगाच ओरडतो. पण छताजवळची हवा एवढी तापेपर्यंत खाली आग बरीच मोठी झालेली असते. माल वाचवायला तो चांगला. झोपलेल्या माणसाला उठवण्याच्या कामी धूर ओळखणाराच हवा.

हाळी कुणाच्या कानावर

पूर्वी गावात रात्री जागल्या असे. त्याचे काम चोराला पकडण्याचे नव्हते. हाळी देण्याचे होते. हाळी ऐकून गाव उठले तर उपयोग. छतावरच्या वाटीचे तसेच आहे. ती आग विझवत नाही. तिच्यापासून निघालेल्या दोन तारा भिंतींतून फिरत तळमजल्यावरच्या एका पेटीपर्यंत जातात, तिला पॅनेल म्हणतात. साध्या यंत्रणेत एका मजल्यावरच्या वाट्या एकाच जोडतारेवर असतात. मजला कळतो, खोली कळत नाही. तारेच्या शेवटच्या टोकाला एक छोटा रोधक बसवलेला असतो आणि त्यातून नेहमी किंचित प्रवाह वाहत ठेवलेला असतो. तार कुठे तुटली तर प्रवाह थांबतो, आणि पॅनेलवर पिवळा दिवा लागतो: बिघाड. नव्या यंत्रणेत प्रत्येक वाटीला स्वतःचा क्रमांक असतो. पॅनेल त्या क्रमांकांना काही क्षणांनी एकेक करून हाक मारत राहते, ‘आहेस का?’ ‘आहे.’ ही हजेरी रात्रंदिवस चालते. वाटीवरचा बारीक दिवा अधूनमधून लुकलुकतो, तो जिवंतपणाची खूण म्हणून. तो सलग पेटून राहिला तर मात्र वाटीने धूर पाहिला आहे असे समजावे. हॉटेलांत खोलीच्या दारावर बाहेरच्या बाजूला एक लहानसा लाल दिवा दिसतो, तो याचाच जोडीदार; दार बंद असले तरी कोणत्या खोलीतली वाटी ओरडते आहे, हे पॅसेजमधून कळावे म्हणून.

पॅनेलला बॅटऱ्या असतात, कारण आगीत वीज बहुधा लवकर जाते किंवा तोडली जाते. वीज नसताना यंत्रणा दिवसभर पहारा देऊ शकली पाहिजे आणि त्यानंतरही निदान अर्धा तास भोंगा वाजवू शकली पाहिजे, असा संकेत आहे. चांगल्या इमारतीत पॅनेल केवळ भोंगा वाजवून थांबत नाही. ते वातानुकूलनाचे पंखे बंद करते, लिफ्ट तळमजल्यावर आणून उभी करते, कार्डावर उघडणारी दारे मोकळी करते. पंख्यांचे महत्त्व ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात फार महागात कळले. आग तळघरात लागली होती. मेले ते वरच्या मजल्यांवरचे रुग्ण, आणि बहुतेक धुराने. बळींची संख्या ९० च्या घरात गेली. आग जिथे असते तिथेच माणसे मरतात, हा आपला समज त्या रात्रीने खोटा ठरवला.

आता ही वाटी लावायची कुठे? आपल्या अडचणींची सुरुवात इथून होते. तापलेला धूर सरळ वर जातो, छताला आपटतो आणि छताखाली पसरत जातो. त्याच्या वाटेत वाटी हवी. सपाट छताखाली कुठलीही जागा धूर ओळखणाऱ्या वाटीपासून साडेसात मीटरपेक्षा आणि उष्णता ओळखणाऱ्या वाटीपासून ५.३ मीटरपेक्षा दूर नसावी, असा सर्वसाधारण नियम. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडून राहते, म्हणून भिंतीपासून निदान अर्धा मीटर सोडायचा. वातानुकूलनाच्या झरोक्यापासून एक मीटर दूर राहायचे, नाहीतर थंड झोत धुराला वाटीपाशी पोहोचूच देत नाही. खोल तुळया आल्या की दोन तुळयांमधल्या खणाचा वेगळा विचार करायचा. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर वरही वाटी हवी, कारण विजेच्या सगळ्या तारा तिथेच पसरलेल्या असतात. हे सारे भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. २१८९ या मानकाचे आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागाचे विषय आहेत. त्यांतले नियम अवघड नाहीत. प्रत्यक्षात काय होते, तर सगळी अंतर्गत सजावट ठरून जाते, दिवे कुठे हे ठरते, झरोके कुठे हे ठरते, आणि उरलेल्या रिकाम्या चौकोनात, तेही छायाचित्रात वाईट दिसणार नाही अशा बेताने, डिटेक्टर बसतो.

काही ठिकाणी तर छतच दगा देते. भिवंडीच्या गोदामांचे पत्रे आठवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली तापलेल्या हवेचा जाड थर साचतो. खाली लागलेल्या छोट्या आगीचा धूर वर जाता जाता थंडावतो आणि त्या थराखालीच अडून पसरतो. वर पत्र्याला लावलेल्या वाटीला पत्ता लागत नाही. साधारण साडेदहा मीटरपेक्षा उंच छताखाली अशा वाट्या लावण्यात अर्थच नसतो. तिथे एका भिंतीवरून समोरच्या भिंतीकडे किरण सोडून, तो मंद झाला का हे पाहणारी वेगळी यंत्रे लावतात, आणि तीही थोड्या खालच्या उंचीवर. मालकाने ‘डिटेक्टर लावा’ म्हटले, ठेकेदाराने लावले, बिल निघाले. काम मात्र झाले नाही.

‘सारखा वाजतो, साहेब’

काही महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका सात मजली व्यापारी इमारतीत कामानिमित्त जाणे झाले. लिफ्टची वाट पाहत उभा होतो. शेजारी भिंतीवर लाल रंगाचे पॅनेल होते आणि त्यावर दोन पिवळे दिवे पेटलेले. खुर्चीवर बसलेल्या वॉचमनला विचारले, ‘हे काय लागलंय?’

‘ते असंच असतं, साहेब. सारखा वाजतो. म्हणून बझर बंद करून ठेवलाय.’

‘कधीपासून?’

‘मी गणपतीत लागलो कामाला. त्याच्या आधीपासून असंल.’

‘का वाजतो?’

‘तिसऱ्या मजल्यावर ऑफिसची पँट्री आहे. चहा टाकला का वाजतो. मग सगळे खाली येतात, मला बोलतात.’

पॅनेलच्या वरच, काचेच्या चौकटीत, यंत्रणा चालू व सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र लावलेले होते. त्यावरची तारीख ताजी होती.

या वॉचमनला दोष देणे सोपे आहे, म्हणून तो टाळतो. रोज चार वेळा खोटी हाळी देणाऱ्या जागल्यावर गाव विश्वास ठेवील तरी किती दिवस? तिसऱ्या मजल्यावरच्या पँट्रीत धुराऐवजी उष्णता ओळखणारी वाटी बसवली असती, किंवा आहे तीच चहाच्या किटलीपासून थोडी दूर नेली असती, तर बझर बंद करण्याची वेळच आली नसती. चूक वर्षांपूर्वी, नकाशावर झाली. ती निस्तरली एका कमी पगाराच्या माणसाने, त्याच्या हाताशी असलेल्या एकमेव बटणाने. पॅनेलवरचे हे ‘सायलेन्स’चे बटण आपल्या शहरांतल्या किती इमारतींत दाबून ठेवलेले असेल, याची मोजदाद करणारी यंत्रणा नाही. ज्यांनी शोधायला सुरुवात करावी त्यांना ते पहिल्या अर्ध्या तासात सापडेल, एवढे सांगू शकतो.

झोपवण्याचे इतरही मार्ग आहेत. नव्या वाट्यांवर धुळीपासून बचावासाठी प्लास्टिकची रंगीत टोपी येते. रंगकाम, प्लास्टर चालू असेपर्यंत ती ठेवायची आणि ताबा देण्यापूर्वी काढायची. कित्येक इमारतींत ती वर्षानुवर्षे तशीच असते. टोपी असलेली वाटी पॅनेलच्या हजेरीला ‘आहे’ म्हणूनच उत्तर देते. तिचे नाक तेवढे बंद असते. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी यंत्रणा बंद केली जाते ती सोमवारी चालू करायची राहते. कचेरीतल्या गणेशोत्सवात धूप-कापूर होतो, म्हणून मूर्तीवरच्या वाटीला कोणी पिशवी बांधतो. बाप्पा जातात, पिशवी राहते. आणि यांपैकी काहीच झाले नाही तरी आपल्याकडची धूळ आहेच. कोठडीत साचलेल्या धुळीने आधी खोटे गजर वाढतात, नंतर कोणीतरी वैतागतो, आणि गोष्ट पुन्हा त्या बटणापाशी येऊन थांबते.

हा केवळ आपला दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून घरोघरी बॅटरीवर चालणारे स्मोक अलार्म लागले आणि घरांतल्या आगींचे बळी कमी झाले. तरीही तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या पाहणीत घरातल्या आगीत मरणाऱ्यांपैकी पाचांत सुमारे तिघे अशा घरांतले आढळतात, जिथे अलार्म एक तर नव्हता किंवा होता आणि चालत नव्हता. न चालण्याचे ठळक कारण बॅटरी काढून ठेवलेली असणे, हेच. स्वयंपाकात काही करपले की वाजतो, म्हणून काढली. माणूस सगळीकडे सारखाच वैतागतो. फरक पडतो तो कोणी विचारायला येतो की नाही याने.

कागद आणि कान

आपल्याकडे विचारायला येण्याची तरतूद कायद्यात आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा. तो २००८ पासून अमलात आहे. त्यानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. सोसायट्यांच्या सचिवांना हा कागद ‘फॉर्म बी’ या नावाने परिचित आहे. कल्पना चांगली आहे. पण प्रमाणपत्र देणारी संस्था नेमतो कोण? मालक. तिचे पैसे देतो कोण? मालक. अनेकदा यंत्रणा बसवणारी, तिच्या देखभालीचा ठेका घेणारी आणि तिला सुस्थितीचा दाखला देणारी संस्था एकच असते. विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासावा तसा हा मामला. अग्निशमन दलाला अचानक तपासणीचा अधिकार आहे. पण शहरातल्या हजारो इमारती आणि दलाकडची मोजकी माणसे, त्यांतही आग विझवायला जाणारी तीच, हे गणित जमणारे नाही.

त्यामुळे ऑडिट होते ते वस्तूंचे. सिलिंडर किती, डिटेक्टर किती, फलक लावले आहेत का. कागदावर खूण करायला हे सोयीचे असते. यंत्रणेची खरी परीक्षा वेगळी आहे आणि तिला अर्धा दिवस लागतो. काठीच्या टोकावरून वाटीखाली परीक्षेचा फवारा सोडायचा (आपल्याकडे उदबत्तीने काम भागवतात, ते असो) आणि मग वाटीकडे न पाहता बाकी सगळीकडे पाहायचे. पॅनेलवर योग्य खोली दिसली का? भोंगा शेवटच्या बंद दाराआड ऐकू गेला का? पंखे थांबले का, लिफ्ट खाली आली का? आणि पॅनेलसमोरच्या माणसाने पुढच्या मिनिटात काय केले? भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले होते. त्यानंतर दहा महिन्यांनी नगर घडले. तपासणीत काय तपासले जाते याचा विचार करायला एवढे पुरे आहे.

रुग्णालयाची गोष्ट कचेरीपेक्षा वेगळी आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. कचेरीत भोंगा वाजला की माणसे जिन्याने उतरतात. अतिदक्षता विभागातला रुग्ण नळ्यांना बांधलेला असतो, बाळ काचेच्या पेटीत असते. प्रत्येकाला उचलून न्यायला एक माणूस लागतो, आणि रात्रपाळीला दोन किंवा तीन परिचारिका असतात. शिवाय प्राणवायू जिथे मुक्तपणे वापरला जातो तिथे आग फार झपाट्याने वाढते. तेव्हा इतरत्र जी चार मिनिटे मिळाली तर बरे, ती इथे मिळालीच पाहिजेत. ती मिळतात वॉर्डाबाहेर: विजेच्या फलकांच्या बंद खोलीत, गाद्या-चादरींच्या कोठारात, वातानुकूलनाच्या नळांत, जिथे रात्री माणूस फिरकत नाही तिथे लावलेल्या वाट्यांनी. पॅनेलची एक छोटी प्रतिकृती परिचारिकांच्या टेबलाशी असली पाहिजे. तळमजल्यावरच्या रखवालदाराने पाहायचे, त्याने फोन लावायचा, वर कोणी उचलायचा, यातच ती चार मिनिटे संपतात. यातल्या एका वाटीची किंमत साध्या मोबाइल फोनपेक्षा कमी आहे. पैशांवाचून अडले आहे असे निदान या एका बाबतीत म्हणता येत नाही.

घरातल्यांसाठी दोन शब्द. फोडणी आणि मिरचीचा ठसका हा आपल्या स्वयंपाकघराचा नित्यक्रम असल्याने तिथे धूर ओळखणारे यंत्र लावू नये. लावायचेच तर उष्णता ओळखणारे लावावे. धुराचे यंत्र झोपण्याच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये शोभते. गॅसगळती या दोघांपैकी कोणालाच कळत नाही. तिचे यंत्र निराळे असते, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते छताजवळ नव्हे, जमिनीलगत लावायचे असते. ते कपाटाच्या वर, ओट्यापासून पाच फूट उंचीवर लावलेले मी पाहिले आहे.

एखाद्या नातेवाइकासाठी रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढण्याची वेळ प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येते. अशा वेळी करायला काही नसते. तेव्हा मान वर करून पॅसेजच्या छताकडे पाहावे. वाटीवर टोपी आहे का, बारीक दिवा लुकलुकतो का, एवढे खालूनच दिसते. पाणी आणायला तळमजल्यावर गेलात तर पॅनेलही दिसेल. बहुधा चौकशीच्या खिडकीशेजारी, कॅलेंडरच्या आड. हिरवा दिवा असेल तर ठीक. पिवळा असेल तर कधीपासून आहे ते तिथल्या माणसाला विचारावे, आणि सकाळी बिल भरताना तोच प्रश्न आतल्या टेबलावर पुन्हा विचारावा.